दूध उतू गेलेलं गाणं

३ मार्च

दादा,

तू कुठे आहेस ते मला एका मुलीच्या दंडावरून कळलं. पत्ता तिने नंतर कागदावर लिहून दिला, पण तोवर मला कळून चुकलं होतं. कोपरापासून खांद्यापर्यंत तिने निळ्या शाईत गोंदवून घेतलंय, आपल्या लिपीत, ठसठशीत: "दूध उतू गेलं!" उद्गारचिन्हाखाली टिंबाच्या जागी पोकळ गोल काढणारा माणूस मी जन्मात एकच पाहिलाय. त्या गोलासाठी शाळेत बोटांवर पट्ट्या खाल्ल्यास आणि तरीही सोडला नाहीस. आता तो एका परदेशी पोरीच्या अंगावर कायमचा बसलाय. धन्य आहे तुझी.

दोघं आले होते. मुलीच्या पाठीवर बॅन्जो, मुलाच्या गळ्यात कपडे धुण्याची पत्र्याची फळी. बोटांत अंगुस्तानं घालून ती खरडत वाजवतो. दोघांच्या कपड्यांना मूळ कापडापेक्षा ठिगळंच जास्त. दार उघडलं तेव्हा क्षणभर वाटलं, आपलेच जुने दिवस दारात उभे आहेत आणि अंघोळ न करता आलेत.

ते गाण्याचं घर बघायला आले होते. म्हणजे आपलं स्वयंपाकघर. हसू नकोस. त्यांच्याकडे फोक-पंकवाल्यांत, म्हणजे लोकगीतं आपल्यासारखी ओरडून गाणाऱ्या बंडखोर पोरांत, म्हणे हे घर माहीत आहे. आपण हातांनी कॉपी करून वाटलेल्या आपल्या बँडच्या त्या कॅसेटी कुणाच्या कुणाच्या झोळीत बसून कुठल्या कुठे गेल्या, आणि आता आपलं "रस्ता कुणाचा" अशा देशांत गातात जिथे आपल्या भाषेचा एक माणूस नाही. मुलीने मला फोनवर दाखवलं. तळघर, घामाने भिजलेली पोरं, ना मंच ना माईक, वाजवणारे आणि ऐकणारे एकमेकांच्या पायांवर उभे. शब्द त्यांचे त्यांच्या भाषेत. दुसरं कडवं संपतं, सगळे हात वाद्यांवरून उचलले जातात, आणि अख्खं तळघर एका दमात ओरडतं: "दूध उतू गेलं!" तेवढं मात्र आपल्या भाषेत.

मी विचारलं, याचा अर्थ काय वाटतो तुम्हाला? मुलगा म्हणाला, "आता बास झालं, असं काहीतरी." मुलगी म्हणाली, "सत्ता उलथवा." मी खरं काय ते सांगितलं. की रेकॉर्डर उसना होता, त्याच दिवशी परत द्यायचा होता, गाणं एकदाच वाजवायचं ठरलं होतं, गॅसवर दूध होतं, ते बघायचं काम माझ्याकडे होतं आणि मी डोळे मिटून अकॉर्डियन वाजवत होते. बाहेरच्या खोलीत शिवत बसलेल्या आईला वास आला. ती मशीनवरून उठून दारात आली आणि ओरडली. आपण थांबलो, मग तू तिसरं कडवं असं उचललंस की जणू सगळं ठरवूनच केलंय.

मुलगी जमिनीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मग दंडाकडे बघून म्हणाली, "म्हणजे खरंच दूध?" म्हटलं, खरंच दूध. गॅसची शेगडी मीच घासली त्या दिवशी, पुरावा हवा तर ओटा अजून तोच आहे.

मला कोड्यात टाकलं ते त्यांच्या उच्चारांनी. फोनमधली पोरं काहीच्या बाही ओरडत होती, पण ही दोघं 'दूध' असं म्हणाली की मास्तरांनी पाठ थोपटावी. विचारलं तर म्हणाली, आमच्या गावातल्या सायकलवाल्याने घोटून घेतलंय. पाठीत थोडा वाकलेला, कमी बोलणारा. सायकली दुरुस्त करतो. प्रत्येक कार्यक्रमाला येतो आणि जिन्याच्या पायरीवर बसतो. गा म्हटलं तर हातातला पाना दाखवतो. अक्षरं त्यानेच काढून दिली. अर्थ विचारला तर म्हणाला, ज्यांचं आहे त्यांना जाऊन विचारा.

तू गात नाहीस?

मला त्यांचं बाकीचं बोलणं नंतर ऐकू आलंच नाही. एवढी वर्षं मी तुझ्यावर रागावून होते ते तू तिकडे दणदणीत गात असशील या हिशेबाने. माझा सगळा राग वाया घालवलास.

आपला बासवाला टबही आला होता. तो अजून नळच दुरुस्त करतो, अजून लग्न नाही, अजून आपल्याकडे जेवायला येतो. त्या दोघांनी त्याला बघितलं तर पाया पडायचेच बाकी राहिले. पितळी घमेलं उपडं घालून त्याला काठी आणि कपडे वाळत घालायची दोरी बांधून कुणी बास बनवतं, याचं त्यांना भारी कौतुक. त्यांच्याकडे सगळे तसंच करतात म्हणे, पण आमचा पहिला, असं टब छाती फुगवून सांगत होता. ते घमेलं आईच्या धुण्याचं होतं आणि तालमीच्या दिवशी ती बादलीत कपडे भिजवत आपल्या नावाने शंख करायची, हे तो सांगायला विसरला. मी सांगितलं.

मुलीच्या जॅकेटवरचं एक ठिगळ लोंबत होतं. आठवतं, आई आपल्या सगळ्या पोरांची ठिगळं कशी बसवायची? आतून, दिसणार नाही अशा टाक्याने. "ठिगळ लावायचंच आहे तर नीट लावा, बंड करताय म्हणून काय उसवलेलं घालायचं?" आणि तो लांब केसांचा तुतारीवाला तिने नीट शिवून दिलेली पँट कोपऱ्यावर जाऊन परत फाडायचा. तिने एकदा त्याला पकडलं आणि तिथेच उभा करून पुन्हा शिवली, तो आत असताना. ते ठिगळ मी बसवून दिलं, मला जमतं तसं. आई खुर्चीतून बघत होती.

ती बरी आहे.

पत्र मिळालं की कळव.

पेटी

१८ मार्च

दादा,

तुझं उत्तर नाही. टपाल तिकडे किती दिवसांनी पोचतं ते मला माहीत नाही, त्यामुळे रागवायचं की नाही ते अजून ठरवलेलं नाही.

आई बरी आहे असं लिहिलं ते खोटं होतं. इतक्या वर्षांनी पहिलं पत्र, त्यात एकदम हे कसं टाकायचं म्हणून गिळून टाकलं. ऐक. थंडी सरताना तिला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि पाय गेला. पाय आता थोडा उचलते, हात नाही. ते एक वेळ चालेल. तिचे शब्द गेलेत. कळतं सगळं. टबने मीठ जास्त झालेली भाजी मुकाट्याने खाल्ली तर त्याच्याकडे बघून भुवया उडवते. पण बोलायला गेली की तोंडातून एकच आवाज येतो, आणि तो आपल्याला हवा तो नाही हे तिलाही कळतं. मग ती तोंड मिटून घेते आणि खिडकीबाहेर बघत बसते. आई आणि गप्प! मला घरात पाऊल ठेववत नाही.

दुकानातून मी लवकर येते. चष्म्याचं दुकान आहे आता माझं काम, काचा घासते, मालक भला आहे, समजून घेतो.

तिला बोलतं करायला एक बाई येते. वाचा-उपचार म्हणतात त्याला. तरुण आहे, आईला "आजी" न म्हणता "मॅडम" म्हणते, त्यामुळे आईला आवडली. तिने सांगितलं की बोलणं गेलेल्या काही माणसांना गाता येतं. गाणं डोक्यात दुसऱ्या बाजूला असतं म्हणे. एखादं गाणं अगदी हाडीमाशी मुरलेलं असेल तर त्याच्या चालीवर शब्द परत आणता येतात. "मॅडम काही गायच्या का?" तिने विचारलं.

"रस्ता कुणाचा"ची चाल तिचीच ना. मशीनच्या पायट्यावर ती जे गुणगुणायची, बिनशब्दांचं, ते तू उचललंस, चौपट वेगाने पळवलंस आणि त्यात शब्द कोंबलेस. तिने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाली होती, "माझ्या गाण्याला कुत्रं मागे लागलंय का?" पण पुढे प्रत्येक तालमीला आतून, मशीनवरूनच, तुझ्या आवाजाच्या खाली दुसरा आवाज लावायची. आपण काही सांगितलं नव्हतं. तिचं तिलाच कळायचं कुठे खाली राहायचं.

तेच नडलंय. ती एकटी गात नाही, खालूनच येते. मी गाऊन पाहिलं. माझा आवाज तुला माहीत आहे, तू म्हणायचास अकॉर्डियनला गाऊ दे, तू नको. मी वरच्या पट्टीत चिरकते, आई कुठे शिरणार? टबने गाऊन पाहिलं. तिने चांगल्या हाताने एक कान झाकला, आणि दुसऱ्या कानासाठी माझ्याकडे बघितलं. जुनी कॅसेट लावली तर ती इतकी झिजलीय की वेग वर-खाली होतो, शिवाय ती पळती. उपचारवाली बाई म्हणते, संथ हवं, एकेक शब्द सुटा.

तुझा आवाज हवाय, दादा. तुझ्या पट्टीत, संथ, मशीनच्या गतीने. कॅसेटवर पाठव, फोनवर पाठव, कशावरही पाठव. बाई म्हणते पहिले काही महिनेच हातात असतात, नंतर जे राहिलं ते राहिलं.

तू गायचं सोडलंयस ते मला कळलंय. का, ते मी विचारत नाही. आईसाठी एकदा गा. तुझं माझ्याशी जे काय आहे ते आपण नंतर निवांत भांडू, मी कुठे जात नाही.

पेटी

९ एप्रिल

दादा,

आलं! कॅसेट आली. चिठ्ठी नाही, दोन ओळी नाहीत, पाकिटावर माझं नावसुद्धा नीट नाही. पण आली. कॅसेटवर पाठवणारा तूच. आपलं यंत्र माळ्यावरून काढून टबने रबरी पट्टा बदलला, त्यात अख्खी सकाळ गेली आणि त्याला शिव्या देऊन माझा घसा बसला.

सुरुवातीला तू खोकतोस. मग बराच वेळ मागे नुसतं सायकलचं चाक फिरतंय. मला वाटलं गाणारच नाहीस. आणि मग तू सुरू केलंस, वाद्याशिवाय.

तुझा आवाज म्हातारा झालाय रे. खालच्या सुरात खरखर आलीय. टब म्हणाला, "चांगला मुरलाय." मी त्याला गप्प बसवलं, कारण मला रडायचं होतं.

दुसऱ्या कडव्यानंतर तू थांबलास. तिची जागा सोडलीस. ती जागा आली तशी आम्ही तिघं, मी, टब आणि उपचारवाली बाई, आईकडे बघायला लागलो. बाईला तर मी सगळी गोष्ट सांगूनच ठेवली होती. आईने आमच्याकडे असं बघितलं की ही तीन माकडं माझ्या तोंडाकडे काय बघतायत. ओरडली-बिरडली काही नाही. मग तू तिसरं कडवं धरलंस, आणि पहिल्या ओळीच्या अर्ध्यात, तुझ्या खाली, अगदी बारीक, ती आली.

शब्दांसकट, दादा. "रस्ता कुणाचा, चालणाऱ्याचा." एक शब्द चुकला नाही. तुझ्या डोक्याबाहेर तिसऱ्या कडव्याचे शब्द कुणाच्या ध्यानात असतील असं मला वाटलं नव्हतं. तिच्याकडे सगळे होते.

संपल्यावर तिने डाव्या हाताने यंत्राकडे बोट केलं. परत लाव. परत लावलं. संध्याकाळपर्यंत मी तेवढंच केलं, आणि दुकानात कळवायचं राहूनच गेलं.

बाई म्हणाली, आता हीच चाल ठेवायची आणि त्यात रोजचे शब्द भरायचे. एकेक. मी तुला कळवत राहीन. तू काही लिहिलं नाहीस तरी चालेल. खरं म्हणजे चालणार नाही, पण मी आज इतकी खूश आहे की भांडण सुचत नाही.

पेटी

२७ एप्रिल

दादा,

आपलं घर आता ऐकण्यासारखं झालंय. तू पेटून उठून लिहिलेल्या गाण्याच्या चालीत आई "खिडकी लाव" म्हणते. "चहा गार झाला" म्हणते. परवा टब निघाला तर तिने सगळं ध्रुवपद घेऊन त्याला "जेवून जा रे, जेवून जा" सुनावलं, आणि तो बावळट त्याच चालीत "पोट भरलंय" म्हणाला. मग दोघांनी मिळून शेवट केला. मी हसून हसून भिंतीला टेकले. क्रांतीचं गाणं होतं म्हणे ते.

साधं बोलणं अजून येत नाही. चालीत घातलं तरच येतं, आणि थकली की तेही नाही. पण येतं. हे तुझ्यामुळे झालं, ते मी कबूल करते, पुन्हा म्हणायला लावू नकोस.

आता जे लिहायचंय ते लिहिते.

काल दुपारी तुझी कॅसेट चालू होती. मधेच तिने हात लांब करून यंत्र बंद केलं. माझ्याकडे बघितलं. आणि मग गायला लागली, खूप हळू, एकेका शब्दाला थांबत: "मी ओरडले. म्हणून गेला."

मला आधी वाटलं ती सांगतेय. पण त्या ओळीचा शेवट चालीत वर जातो, तो तिने आणखी वर नेला. ती विचारत होती.

मी म्हटलं, आई, काय बोलतेस तू, कुठून काढलंस हे? तिने मान हलवली आणि मशीनकडे बोट केलं. मी तिला खुर्चीसकट मशीनशी नेलं. तिने डावा पाय पायट्यावर ठेवला आणि जोर लावून चाक फिरवलं. सुई वर-खाली व्हायला लागली. खाली काही नव्हतं. "कापड नव्हतं," तिने गायलं. "कापड नव्हतं."

तुला ते भांडण आठवतं ना? कॅसेट कंपनीवाल्याने गाणं स्वच्छ करून मागितलं होतं. तू म्हणालास, आईच्या ओरडण्यासकट कोण लावणार हे, जन्मभर आपण स्वयंपाकघरातच गाणार का? मी म्हटलं, तिला कापणार असशील तर माझी अकॉर्डियन मिळणार नाही. आपण आवाज चढवत गेलो, कारण बाहेर मशीन चालू होती आणि आपल्याला वाटलं तिला ऐकू जात नाहीये. ती मशीन रिकामी चालवत होती, दादा. आपल्याला मोकळेपणाने भांडता यावं म्हणून. तिने सगळं ऐकलं, आणि त्या आठवड्यात तू बॅन्जो उचलून गेलास.

आपलं भांडण तिच्यावरून नव्हतंच. तुला मोठं व्हायचं होतं आणि मला होतं तिथेच राहायचं होतं, एवढंच. तिचं ओरडणं हाताशी सापडलं म्हणून तू त्याला धरलंस आणि मीही. आपल्या दोघांना हे माहीत होतं, म्हणून तिला सांगायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

तू गेल्यावर आई घरात कधी मोठ्याने बोलली नाही. मला हाक मारायची असली तर उठून खोलीत यायची. दूध तापायला ठेवलं की गॅसपाशीच उभी राहायची, वर येईपर्यंत, हलायची नाही. मी समजत होते वय झालं. मी टबला म्हणायचे, आई किती शांत झालीय बघ.

आणि इकडे ती पोरं जगभर तेच ओरडत फिरतायत. मी तिला तो फोनमधला व्हिडिओ परत दाखवला, बघ, किती लोकांना आवडतं. तिने बघितला. मुलीच्या दंडावरची तुझी अक्षरं मी तिला सांगितली, तू त्यांच्याकडून उच्चार घोटून घेतोस ते सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच गायलं. "म्हणून गेला?"

मी नाही म्हटलं. चार वेळा, दहा वेळा, चालीत, बिनचालीत. माझा चिरका आवाज लावून गायलेसुद्धा, "नाही गं, नाही." तिने माझ्या गालाला हात लावला. लहानपणी पडल्यावर मी "लागलं नाही" म्हणायचे तेव्हा लावायची तसा. मी तिची समजूत घालतेय असं तिला वाटतंय. तुला घरातून जाताना बघणारी मी, मागे राहिलेली मी, मी दुसरं काय म्हणणार?

कॅसेट पाठवू नकोस. कॅसेटला ती पुढचं विचारेल आणि कॅसेट उत्तर देणार नाही. तू ये. तिच्यासमोर बस आणि नाही म्हण. माझं 'नाही' तिला पुरत नाही.

पेटी